धागा: न पाहिलेल्या टेकड्यांचे सूर आणि भरून येणारे डोळे

ओवी_सांगली

नमस्कार मंडळी. संगीत विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात डेक्कन क्वीनने पुण्याला येत होते. कर्जत सुटलं, घाट लागला, बाहेर धुकं आणि ओले कातळ. भाच्याने फोनमध्ये काही पाश्चात्त्य संगीत भरून दिलं होतं, त्यातलं एक सहज लावलं. राल्फ व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराची पाचवी सिंफनी. तिसरा भाग सुरू झाला. आधी व्हायोलिनांचा अगदी मंद पडदा, मग एक सुषिर वाद्य, सनईपेक्षा खालचं, ओलसर आवाजाचं. लोणावळा येईपर्यंत मी रडत होते. समोरच्या काकूंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

वाटलं, घाटाचा परिणाम असेल. म्हणून चार दिवसांनी घरी मेथी निवडताना पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मी वाढले अभंग आणि नाट्यसंगीतावर. ते स्टाफ नोटेशन मला वाचता येत नाही, इंग्लंड कधी पाहिलेलं नाही. शोधल्यावर कळलं की या संगीताला तिकडे ‘पास्टोरल’, म्हणजे गोपजीवनाचं, कुरणांचं संगीत म्हणतात. आणि ही सिंफनी पहिल्यांदा वाजली २४ जून १९४३ ला, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये, ऐन महायुद्धात. सत्तर वर्षांच्या संगीतकाराने स्वतः संचालन केलं.

माझे प्रश्न दोन. हे खरंच नुसतं कुरणांचं वर्णन आहे का? आणि ज्या टेकड्या मी पाहिल्याच नाहीत त्यांनी माझे डोळे का भरावेत?

पहाटवारा

वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

रानवाटा

मीपण रुमाल टाकून ठेवतो. ते सुषिर वाद्य म्हणजे कोर आंग्ले, ओबो या पाश्चात्त्य सनईचा थोरला भाऊ.

मंद्रसप्तक

ओवीताई, छान धागा. घाईत आहे, पण राहवत नाही.

आधी एक छोटी दुरुस्ती: राल्फ नव्हे, रेफ. त्यांना स्वतःला तोच उच्चार हवा असे.

आता मुद्दा. हे सूर तुम्हाला परके वाटले नाहीत याचं एक साधं कारण आहे. एकोणिसाव्या शतकातलं युरोपीय संगीत बहुतांशी मेजर आणि मायनर या दोन चौकटींत बसवलेलं. व्हॉन विल्यम्सनी त्या चौकटींबाहेर जाऊन जुने ‘मोड’, म्हणजे जुन्या स्वरचौकटी, घेतले, आणि ते त्यांना मिळाले खेड्यातल्या गाण्यांतून. ४ डिसेंबर १९०३ ला एसेक्समधल्या इंग्रेव्ह गावी एका म्हाताऱ्या शेतमजुराने त्यांना एक जुनं गाणं म्हणून दाखवलं. त्यानंतर ते वही घेऊन गावोगाव फिरले, आठशेवर गाणी टिपली. या मोडांची आपल्याशी तुलना करा: डोरियन म्हणजे आपला काफी थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, एओलियन म्हणजे आसावरी. चलन वेगळं, श्रुती वेगळ्या, पण सप्तक तेच. १९१० साली ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्यांनी तंतुवाद्यांची एक फँटसी सादर केली. तिची मूळ चाल टॉमस टॅलिस या जुन्या संगीतकाराची, १५६७ सालची, आणि ती फ्रिजियन मोडमध्ये आहे. म्हणजे भैरवी थाट. दगडी घुमटात दोन वाद्यवृंद समोरासमोर, एक वाजवतो आणि दुसरा लांबून उत्तर देतो. दिवे मालवून ऐका.

तेव्हा तुमच्या कानाला हे सूर कुठेतरी माहीत होते. निदान अर्धं उत्तर तरी इथे आहे असं मला वाटतं.

नांगर

मी वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मला हे संगीत कंटाळवाणं वाटतं आणि थोडं खोटंही. खुद्द इंग्रजांनीच याची थट्टा केलेली आहे. संगीतकार पीटर वॉरलॉक म्हणे की हे कुंपणाच्या फाटकावरून बघत उभ्या राहिलेल्या गायीसारखं आहे. एलिझाबेथ लट्येन्स या संगीतकार बाईंनी तर या साऱ्या पंथाला शेणाच्या पोवट्यांचं संगीत म्हटलं.

माझा आक्षेप थट्टेपलीकडचा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली गावाची सामाईक कुरणं कायदे करून बंदिस्त केली गेली, मोठ्या जमीनदारांकडे गेली. भूमिहीन झालेला माणूस गिरणीत गेला. १८५१ च्या जनगणनेपर्यंत निम्म्याहून जास्त लोक शहरांत राहत होते. मग पन्नास वर्षांनी सुखवस्तू घरातली शिकलेली माणसं सायकलवरून गावात येतात, म्हाताऱ्या मजुराची चाल टिपून घेतात आणि लंडनच्या सभागृहात ती ‘इंग्लंडचा आत्मा’ म्हणून वाजते. त्या मजुराच्या वाट्याला काय आलं? आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुणी अशाच नेल्या असत्या तर मला राग आला असता.

काळीमाती

नांगरभाऊ, तुमचा शेवटचा परिच्छेद पटला. पण शेणाने सारवलेल्या घरात वाढलोय, त्यामुळे लट्येन्सबाईंची ती शिवी मला शिवी वाटतच नाही. पोवटे पडलेलं रान म्हणजे जिवंत रान. :)

जुनापूल

पाचवीचं नंतर बोलू. धाग्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या सिंफनीत आहे, जिचं नावच ‘पास्टोरल’.

ती पहिल्यांदा वाजली २६ जानेवारी १९२२ ला, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये. चारही भाग बहुतांशी संथ. लोकांनी नाव पाहिलं आणि समजले की इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डची कुरणं, मेंढ्या, झरे. गायीची थट्टा करणाऱ्यांच्या डोक्यातही हेच चित्र. प्रत्यक्षात ती सुचली फ्रान्समध्ये. १९१४ साली बेचाळिसाव्या वर्षी हा माणूस साधा शिपाई म्हणून सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाला. त्या वयात कुणी सक्ती केलेली नव्हती. १९१६ मध्ये आरासजवळच्या एकुआव्ह गावी त्यांचं काम होतं रुग्णवाहिकेवर: रात्रीमागून रात्री आघाडीकडे जायचं, जखमी उचलून आणायचे. वाटेत एक चढ होता आणि त्यावरून सूर्यास्तात दिसणारा देखावा त्यांना कोरो या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रासारखा वाटे. पुढे एका पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं की हे युद्धकाळातलं संगीत आहे, लोक समजतात तशी यात कोकरं बागडत नाहीत.

दुसऱ्या भागात एकटा ट्रम्पेट येतो. तळावर एक ब्युगलवाला सराव करायचा आणि वरचा षड्ज गाठताना चुकून निषादावर थांबायचा. ती चूक या माणसाने मनात जपली आणि सहा वर्षांनी सिंफनीत मांडली. त्या ब्युगलवाल्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि जॉर्ज बटरवर्थ. व्हॉन विल्यम्सचा जिवलग मित्र, लोकगीतं टिपणारा, उत्तम लोकनर्तक. त्याच्या नाचाची १९१२ ची काही सेकंदांची मूक चित्रफीत आजही पाहायला मिळते: पांढरे कपडे, पायांत घुंगरू, उड्या. ‘लंडन सिंफनी’ लिही असं त्यानेच सुचवलं आणि तिची मूळ प्रत जर्मनीत हरवली तेव्हा सुट्या प्रतींवरून ती पुन्हा उभी करायला मदतही केली. ५ ऑगस्ट १९१६ ला सॉमच्या लढाईत, पोझिएरजवळच्या खंदकात, गोळी लागून गेला. वय ३१. त्याची कबर सापडली नाही, तिएपव्हालच्या स्मारकावर फक्त नाव आहे. युद्धावर जाण्याआधी त्याने आपल्या बऱ्याच रचना स्वतः नष्ट केल्या होत्या.

हे माहीत झाल्यावर ‘पास्टोरल’ ऐकली की तिच्यातली शांतता कुरणाची राहत नाही. तोफा थांबल्यावर शेतात जी पसरते ती ही शांतता.

पहाटवारा

अंगावर काटा आला. ब्युगलवाल्याचं वाचून थांबलेच.

खर्ज

जुनापूल, त्या ट्रम्पेटबद्दल भर घालतो. तिथे पडदे न दाबता, नैसर्गिक ट्रम्पेटसारखं वाजवायचं असतं. त्यामुळे जो निषाद येतो तो सातवा स्वयंभू स्वर असतो, पियानोतल्या कोमल निषादापेक्षा जवळपास एकतीस सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरलेला. एरवी वाद्यवृंदात याला बेसूर म्हणतील. आपल्या कानाला तो बेसूर लागत नाही, अतिकोमलाकडे झुकलेला दुखरा स्वर वाटतो. चूक तशीच जपायची तर श्रुतीसकट जपायची, हे या माणसाला कळलं होतं.

सैनिकपुत्र_सातारा

एरवी मी फक्त वाचतो. आज लिहितो.

आमचे पणजोबा १०३ व्या मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात. कुतच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. शरणागतीनंतर कैदेत गेले, परत आले. आजी सांगायची, परतल्यावर ते संध्याकाळी विहिरीच्या काठावर एकटे बसत आणि त्या वेळी त्यांना कुणी हाक मारायची नाही असा घरात नेमच होता. युद्धाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

तोफा थांबल्यावरची शांतता म्हणजे काय ते मला त्या विहिरीवरून कळतं. सिंफनी ऐकलेली नाही. ऐकेन.

नांगर

सैनिकपुत्र, नमस्कार तुम्हाला.

जुनापूल, हे मला माहीत नव्हतं. ऐकून येतो आणि मग बोलतो.

गवताळ

पक्षीवाला असल्यामुळे अवांतर करतो. याच संगीतकाराची ‘लार्क असेंडिंग’ कुणी काढली कशी नाही? लार्क म्हणजे आपला चंडोल. १९१४ मध्ये व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिली, युद्धामुळे बाजूला पडली, वाद्यवृंदासह १९२१ मध्ये वाजली.

सोलापूरच्या माळावर पहाटे उभे राहिलात तर या रचनेतलं सगळं अक्षरशः घडताना दिसतं. चंडोल गवतातून उठतो, पंख फडफडवत सरळ वर चढतो, चढताना गातच असतो. मग इतका वर जातो की दिसत नाही, फक्त आवाज येत राहतो. व्हायोलिनचा शेवट तसाच आहे: वाद्यवृंद केव्हाच थांबलेला, एकटा स्वर वर वर जातो आणि संपला कधी ते कळत नाही.

ब्रिटनच्या शेतांमधला हा पक्षी १९७० च्या दशकापासून निम्म्याहून जास्त कमी झाला. एक मोठं कारण म्हणजे गहू-बार्ली वसंताऐवजी शरदातच पेरू लागले. पक्ष्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या विणीच्या वेळी पीक इतकं उंच आणि दाट होतं की त्याला घरटं करता येत नाही. आपल्याकडे माळरानांना ‘पडीक’ म्हणून नोंदवतात आणि मग तिथे काहीही उभं राहतं. तिकडे ही रचना श्रोत्यांच्या आवडीच्या यादीत वर्षानुवर्षं अव्वल येते आणि बाहेर शेतात तो पक्षीच गप्प होत चाललाय. हे मला फार लागतं.

सुरेल_सोलापूर

चंडोलाची सुरुवात चक्क दुर्गा राग आहे! सा रे म प ध. व्हायोलिन पहिल्यांदा चढतं ते ऐका.

खर्ज

दुर्गा नाही, धानी. सा ग म प नी, ग नी कोमल.

सुरेल_सोलापूर

पेटीवर वाजवून पाहिलं हो. दुर्गा.

मंद्रसप्तक

दोघंही बरोबर. स्वर तेच पाच: डी, ई, जी, ए, बी. डी ला सा मानलंत तर दुर्गा, ई ला मानलंत तर धानी. दुर्गेच्या रिषभावरून मूर्च्छना केली, म्हणजे रिषभालाच सा धरलं, की धानीच मिळतो. आणि रचनेची सगळी गंमत यातच आहे की व्हायोलिन सा कुठला ते सांगतच नाही. जमिनीवर पाय नसलेला पक्षी!

बेळगावकर_म

सुरेल आणि खर्ज, तुम्ही तंबोरा लावून घ्या, आम्ही तोवर चहा टाकतो.

टेमेकाठी

मी गेली अकरा वर्षं वुस्टरजवळ राहते, रुग्णालयात काम करते. मॉल्व्हर्नच्या टेकड्या घरातून दिसतात. फार उंच नाहीत, सह्याद्रीतल्या माणसाला टेकाडच वाटावं. पण चारी बाजूंनी सपाटी असल्याने वर गेलं की अर्धं इंग्लंड पायाखाली आल्यासारखं वाटतं.

संगीतकार एल्गार इथलाच. वडिलांचं वुस्टरमध्ये वाद्यांचं दुकान होतं. त्याचा चेलो कंचेर्टो, म्हणजे चेलो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, १९१९ चा, ससेक्समधल्या एका झोपडीवजा घरात लिहिलेला. अखेरच्या आजारात तो मित्राला म्हणाला होता की मी गेल्यावर मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर त्यातली चाल कुणी शिट्टीवर वाजवताना ऐकलंत तर घाबरू नका, तो मीच असेन. रात्रपाळी संपवून पहाटे गाडी चालवताना ही गोष्ट मला नेहमी आठवते.

ओवीताई, इथे राहूनही सांगते, हे संगीत ऐकून मला या टेकड्या आठवत नाहीत. मला आठवतं आमच्या गावचं, वाईजवळचं, पिकं काढल्यानंतरचं रिकामं शिवार.

गोंयकार

एक धागा मुंबईतूनही जातो. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी होते, आणि गोव्याच्या चर्चच्या शाळांत सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकून आलेले आमचे लोकही. माझे आजोबा असेच व्हायोलिन शिकले, पुढे मुंबईत पोटासाठी हॉटेलांत वाजवलं. मेहली मेहता १९५० च्या दशकात मँचेस्टरला हॅले वाद्यवृंदात गेले, जॉन बार्बिरोली संचालक असताना. याच बार्बिरोलींना व्हॉन विल्यम्सनी आठवी सिंफनी अर्पण केली आणि ती १९५६ मध्ये हॅलेनेच प्रथम वाजवली.

रानवाटा

होल्स्ट विसरू नका! व्हॉन विल्यम्सचा सर्वांत जवळचा मित्र, आयुष्यभर दोघं एकमेकांच्या रचना तपासायचे. ऋग्वेदाचे अनुवाद पसंत पडेनात म्हणून संस्कृत शिकायला गेला, आणि शब्दकोश घेऊन सूक्तांची स्वतःची इंग्रजी केली. ‘सावित्री’ नावाचा छोटा ऑपेरा, मेघदूतावर मोठी समूहरचना. माझं मत: त्याची ‘एग्डन हीथ’ ऐका. १९२७ ची, ओसाड माळाबद्दल, अजिबात गोड नाही. गायीची थट्टा करणाऱ्यांनी ही ऐकायला हवी होती.

सफरचंद

फिन्झी. जेराल्ड फिन्झीचा क्लॅरिनेट कंचेर्टो, १९४९. गाणी लिहिता लिहिता नामशेष होत चाललेली इंग्लिश सफरचंदांची वाणं आपल्या बागेत लावून वाचवणारा माणूस. त्याचे पहिले गुरू अर्नेस्ट फारर १९१८ मध्ये आघाडीवर मारले गेले. बाकी काही लिहीत नाही, फक्त दुसरा भाग ऐका.

नांगर

आलो ऐकून. दोनदा ऐकली.

मजुराबद्दलचा आक्षेप मागे घेत नाही. पण ‘पास्टोरल’ खोटी आहे असं आता म्हणवत नाही. मी तिच्यात हरवलेल्या गावाचं कौतुक शोधत होतो. तिथे कौतुक नव्हतं, गाव आहे आणि माणसं नाहीत एवढंच होतं. शेवटच्या भागात ढोलाच्या मंद घुमण्यावर एक बाई शब्दांशिवाय गाते आणि अगदी शेवटी तिचाच आवाज पुन्हा येऊन विरतो. शब्द का नसावेत, यावर विचार करत बसलो. शब्द घातले असते तर ते इंग्रजीत असते. मग ते गाणं आघाडीच्या एकाच बाजूचं झालं असतं.

जुनापूल

नांगर, शब्दांचं असं मला कधी सुचलं नव्हतं.

मंद्रसप्तक

आता ओवीताईंच्या पाचवीकडे येतो.

सुरुवात बघा. वर दोन हॉर्न डी या षड्जात मंद हाक देतात, पण खाली चेलो आणि बास सी धरून बसलेत. आपल्या भाषेत, गायक षड्ज लावतोय आणि तंबोऱ्यात कोमल निषाद लावलाय. ऐकणाऱ्याला घर समोर दिसतं, पण पाय दुसरीकडे. ही अस्थिरता भांडखोर नाही, म्हणून ती लक्षातही येत नाही, नुसती आत ओढ लागते. चाळीस मिनिटांनी चौथ्या भागाच्या शेवटाकडे तीच हॉर्नची हाक परत येते आणि खालचा तो सी शेवटी मागे पडतो. मग तंतुवाद्यं सावकाश डी वर येऊन निवतात.

तिसऱ्या भागाच्या हस्तलिखितावर बनियन या जुन्या इंग्रज लेखकाच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मधलं एक वाक्य होतं, क्रूस आणि त्याखालच्या थडग्यापाशी पोचलेल्या यात्रेकरूचं. पाठीवरचं ओझं गळून पडतं ती जागा. हे पुस्तक मराठीतही फार लवकर आलं, हरि केशवजींचं ‘यात्रिकक्रमण’, १८४१. व्हॉन विल्यम्स या कथेवर कित्येक वर्षं ऑपेरा लिहीत होते, तो पुरा होईल याची खात्री वाटेना म्हणून त्यातले सूर या सिंफनीत आणले. तेव्हा ही चालणाऱ्या माणसाची सिंफनी आहे. वारीचं संगीत ऐकत वाढलेल्या तुम्हाला ती ओळखीची का वाटू नये?

ओवी_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस रोज हा धागा उघडतेय.

मंद्र, तुमचं वाचून तंबोऱ्याच्या ॲपवर डी लावला आणि पाचवीची सुरुवात ऐकली. खालचा तो सी अक्षरशः पायाखालची सतरंजी ओढतो. माझं लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी असं व्हायचं, पहाटे जाग आली की क्षणभर कुठल्या घरात आहोत ते कळायचं नाही. नेमकं तसं. आणि टेमेकाठीताई, तुमच्या रिकाम्या शिवाराने मला कळलं की मीही टेकड्यांसाठी रडत नव्हते. पण कशासाठी ते अजून नीट सांगता येत नाही.

काल रात्री तिसरी लावली. सासूबाई जपमाळ घेऊन शेजारी येऊन बसल्या. वय ८१, आयुष्यभर कीर्तनं ऐकली, हे असलं काही कधी नाही. मी काही सांगितलं नाही, युद्धाचं नाही, ब्युगलचं नाही. ट्रम्पेटच्या वेळी त्यांची माळ थांबली. शेवटी त्या बाईचा आवाज विरला, तशा म्हणाल्या, “ही कुणाला हाक मारतेय गं? कुणी ओ देत नाही तिला.”

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “परत लाव. सगळं नको, तेवढं तिचंच लाव.”

सैनिकपुत्र_सातारा

ओवीताई, मीही काल ऐकली. आमच्या विहिरीवर बसून.

ट्रम्पेटचा तो स्वर येईपर्यंत अंधार झाला होता. घरातून कुणी हाक मारली नाही.